गेलेले परत आले की सोडतो

जुगार खेळणाऱ्या माणसाच्या तोंडी एक वाक्य हमखास असते. वरणगावात असते, भुसावळात असते, मुंबईच्या चाळीत असते आणि गोव्याच्या कॅसिनोच्या जहाजावरही असते. "गेलेले तेवढे परत आले की सोडतो." म्हणणारा खोटे बोलत नसतो, मनापासून म्हणत असतो. घरातली बाईही ते ऐकून गप्प बसते, कारण गेलेले परत यावे असे तिलाही वाटत असते. या महिन्याच्या आरोग्याच्या पानावर आम्ही या एकाच वाक्याविषयी लिहिणार आहोत. डॉक्टर ज्याला जुगाराचा आजार म्हणतात, तो याच वाक्यावर चालतो.

आपल्याकडे जुगार नवा नाही. खान्देशात आखाजी मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात आणि पुरुष पत्त्यांवर बसतात. सालदाराचे साल आखाजीला संपायचे आणि नवे लागायचे. म्हणजे मालकाकडची उचल हातात पडायची ती नेमकी पत्त्यांच्या दिवसांत. वर्षभराच्या कष्टाची आगाऊ रक्कम चटईवर झन्ना-मन्नात घालवून पुन्हा त्याच शेतात वर्षभर राबायला गेलेले आजोबा अनेक घरांच्या आठवणीत असतील. एक बरे होते, की सण संपला की बैठक उठायची. मोबाइलला आखाजी संपल्याचे कळत नाही.

मटक्याची गोष्टही आपल्या मातीपासून फार लांबची नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईला यायचे आणि त्या भावांवर लोक पैसे लावायचे. ते भाव येणे १९६१ साली थांबले. १९६२ मध्ये वरळीत कल्याणजी भगत यांनी आकडे काढून मटका सुरू केला, पुढे रतन खत्री यांचे नाव झाले. कापसाचा भाव गेला, आकडा तेवढा राहिला. कापूस पिकवणाऱ्या आणि वेचणाऱ्या खान्देशात तो आकडा टपरीटपरीवर पोचला. शून्य ते नऊपैकी एक आकडा लावायचा आणि लागला तर साधारण नऊपट घ्यायचे. दहात एकदा लागणार आणि नऊपट मिळणार, म्हणजे दर दहा रुपयांत एक रुपया पेढीवाल्याचा, हे गणित चौथीच्या मुलाला येते. तरी बापाला ते कुणी सांगितलेले नसते.

पोकर हा या घरातला नवा पाहुणा. ज्याला तीन पत्ती येते त्याला पोकर समजायला अर्धा तास पुरतो. हातात दोन पाने, मधे सगळ्यांची मिळून पाच, आणि प्रत्येक टप्प्यावर पैसे वाढवायचे, नाहीतर पाने टाकून द्यायची. वस्तीतली जी मुले आयटीआय झाली, रेल्वेत किंवा आयुध निर्माणीत अप्रेंटिस झाली, पुण्याला कंपनीत लागली, त्यांच्या मोबाइलमध्ये तो रमीच्या मागोमाग आला. ही मुले मटक्याला हसतात. ते म्हणतात, मटका नशिबाचा, पोकर डोक्याचा. मोठ्या माणसांनी या बोलण्याला नुसते झिडकारू नये. त्यात थोडे खरे आहे आणि ते थोडे खरेच माणसाला जास्त काळ अडकवून ठेवते.

खरे किती ते आधी पाहू. रमीत कौशल्याचा भाग मोठा आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली म्हटले होते. पोकरमध्येही जाणता खेळाडू अडाण्यापेक्षा जास्त वेळा जिंकतो. पण किती जास्त? समजा तुमच्या हातात एक्क्यांची जोडी आहे. याहून मोठा हात सुरुवातीला मिळतच नाही. समोरच्याकडे राजांची जोडी आहे. सगळे पैसे मधे गेले. तुम्ही काहीही चूक केली नाही, तरी शंभरातल्या साधारण अठरा वेळा तुम्ही हरणार. एवढा भक्कम हात असताना ही गत, तर रोजच्या मध्यम हाताची काय असेल याचा विचार करावा.

आता हरण्याची रांग. सलग सहा डाव गेले की माणसाला वाटते, आता माझी वेळ आली, आता मिळायलाच हवे. नाणे घ्या आणि शंभर वेळा उडवा. त्यात सलग सहा किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त आहे. म्हणजे रांग लागणे हा चमत्कार नाही आणि अन्यायही नाही. फोनवर तासाला साठ-सत्तर डाव वाटले जातात, तिथे लांब रांग लागणारच. आणि रांग लागली म्हणून पुढचा छापा-काटा बदलत नाही. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत चाकावरची गोळी सलग २६ वेळा काळ्या घरात पडली. 'आता तरी लाल येईलच' म्हणत लोक दर फेरीला रक्कम वाढवत गेले आणि लाखो गमावून बसले. त्या लोकांना कॅसिनोने फसवले नव्हते. चाकाला मागची फेरी आठवत नाही आणि नाण्यालाही आठवत नाही. आठवते ती फक्त आपल्याला.

दुप्पट करत जाण्याची युक्ती तर जवळजवळ प्रत्येकाला आपोआप सुचते. शंभर गेले की दोनशे लावायचे, ते गेले की चारशे, एकदा आले की सगळे वसूल. सात वेळा सलग गेले तर बारा हजार सातशे गेलेले असतात आणि आठव्यांदा बारा हजार आठशे लावावे लागतात. हा आठवा डाव जिंकला तरी निव्वळ कमाई किती? शंभर रुपये. कंत्राटी कामगाराचा महिन्याचा पगार शंभर रुपयांसाठी पणाला लागतो आणि त्या क्षणी त्याला ते शहाणपणाचे वाटत असते.

याच्यावर नाल. जुन्या क्लबात बसलेल्यांना हा शब्द सांगायला नको. दर डावातून अड्डेवाला काढून घेतो तो वाटा म्हणजे नाल. अॅपमध्ये तो दिसत नाही इतकेच. समजा सहा मित्र पाचशे-पाचशे घेऊन बसले, एकूण तीन हजार. सरासरी डाव दोनशेचा आणि नाल दहा रुपये. शंभर डाव झाले की मधले हजार रुपये गेले. आता कुणीही जिंको, सहा जणांच्या खिशात मिळून दोनच हजार उरलेत. आणखी दोनशे डाव खेळले तर सहाही जण कफल्लक होतील आणि प्रत्येकाला वाटेल की दुसरा कुणीतरी जिंकला. जो खरोखर हुशार आहे त्यालाही आधी नालेएवढे जिंकावे लागते, मग स्वतःचे. म्हणून 'मी डोक्याने खेळतो' म्हणणारा मुलगाही शेवटी सहापैकीच एक असतो.

मग पोकर खेळूनच पोट भरणारे काही लोक जगात आहेत ते कसे, असा प्रश्न मुले विचारतात. त्यांचे नियम ऐकण्यासारखे आहेत. खेळायचा पैसा ते घरखर्चापासून संपूर्ण वेगळा ठेवतात. प्रत्येक बैठक वहीत लिहितात, गेलेलीही. राग आला, झोप आली, दारू पोटात गेली की उठतात. हरल्यावर डोके तापून माणूस भलतेसलते खेळू लागतो, त्या अवस्थेला त्यांच्यात वेगळे नावच आहे, टिल्ट. ठरवलेली रक्कम गेली की ते त्या दिवसाचा खेळ बंद करतात. आणि हरण्याच्या रांगेनंतर एका रात्रीत भरपाई करायला जात नाहीत, उलट रक्कम कमी करतात. हे नियम पाळूनही त्यांच्यातले पुष्कळ लोक टिकत नाहीत.

यातला एकच नियम आपल्या मुलाने पाळावा, वहीचा. ज्या दिवशी पहिल्यांदा पैसे टाकले त्या दिवसापासून आजपर्यंतचे यूपीआयचे आणि बँकेचे सगळे व्यवहार काढावेत आणि एका कागदावर दोन रकाने करावेत, गेले किती आणि आले किती. अंदाजाने सांगू नये. जिंकलेले डाव लक्षात राहतात, हरलेले विरून जातात, म्हणून अंदाज नेहमी खोटा निघतो. पंधरा-वीस हजार गेले असतील म्हणणाऱ्याच्या कागदावर ऐंशी हजार निघाले तर नवल वाटू देऊ नका. हा कागद पाहताना घरात कुणी ओरडू नये. ओरडले की पुढचा कागद कधीच बाहेर येत नाही.

आता आजाराकडे येऊ. जुगाराचे व्यसन हा स्वभावाचा दोष आहे असे पूर्वी धरले जायचे. २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानाच्या ग्रंथात जुगाराचा आजार दारू आणि इतर अमली पदार्थांच्या व्यसनांच्या पंक्तीत आणून बसवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही तो आहे. नऊ लक्षणांपैकी चार किंवा अधिक एका वर्षात दिसली तर आजार धरतात. तीच मजा येण्यासाठी रक्कम वाढवावी लागणे. बंद केले की चिडचिड आणि अस्वस्थता. कमी करायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा फसणे. कामावर असतानाही डोक्यात तेच घोळणे. मन खट्टू असले की खेळाकडे धावणे. हरल्यावर दुसऱ्या दिवशी भरपाईला परत जाणे. किती खेळतो याबद्दल खोटे बोलणे. त्यापायी नोकरी, शिक्षण किंवा नाती धोक्यात येणे. आणि पैशाच्या अडचणीतून सोडवायला दुसऱ्यांपुढे हात पसरणे. ही यादी डॉक्टरांनी लिहिली आहे. घरातल्या बाईला विचारले तर बहुतेक लक्षणे ती ग्रंथ न वाचता सांगेल.

दारूचा वास येतो, पाय अडखळतात. जुगाराला वास नाही. मुलगा घरात आहे, पांघरुणात आहे, कुठे बाहेर जात नाही म्हणून आई निश्चिंत असते आणि पहाटे तीनपर्यंत पांघरुणाखाली उजेड असतो. आत मेंदूत काय होते तर बक्षीस कधी मिळेल हे ठाऊक नसले की मेंदू त्याची जास्त वाट पाहतो. दर वेळी मिळणारे किंवा कधीच न मिळणारे बक्षीस माणूस लवकर सोडून देतो. कधीमधी मिळणारे सोडवत नाही. थोडक्यात हुकलेला डाव हा हरलेलाच डाव असतो, पण मेंदूचा जो भाग जिंकल्यावर जागा होतो तोच हुकल्यावरही जागा होतो. 'एका पानाने गेले हो' हे सांगताना माणसाचे डोळे चमकतात, ते यामुळे. इतर परिणाम साधे आणि दिसणारे आहेत. झोप मोडते, जेवण टळते, तंबाखू-गुटखा वाढतो, बीपी आणि साखर असलेल्यांच्या गोळ्या चुकतात. निर्माणीत किंवा दीपनगरच्या वीज केंद्रात पाळीवर जाणाऱ्याने रात्र जागून कामावर जाणे म्हणजे काय, हे तिथे काम करणाऱ्यांना आम्ही वेगळे सांगायला नको.

आणि 'गेलेले परत' या ध्येयाला तळ नाही. गावातला पाच हजारांचा माणूस आणि शहरातला कोटींचा माणूस एकाच वाटेने जातात. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याची पोलिसांकडची तक्रार राज्यभर गाजली. ऑनलाइन जुगाराच्या अॅपवर सुमारे ५८ कोटी रुपये गेल्याचे त्यात म्हटले होते. संशयित गोंदियाचा होता आणि पोलिसांनी झडतीत कोट्यवधींची रोकड व सोने जप्त केले. सुरुवातीला थोडे जिंकवून मग ओढून घेतल्याचा आरोप होता. व्यापारी माणूस, हिशोबात मुरलेला, तरी थांबला नाही. शिक्षण आणि पैसा असला की माणूस यातून सुटतो असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात ठेवावे.

सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांवर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. २१ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झाला आणि २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेद त्यात ठेवलेला नाही. रमी, पोकर, सगळे त्यात आले. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, म्हणून पोलिसांच्या भीतीने घरात लपवालपवी करायचे कारण नाही. देशात ४५ कोटी लोक वर्षाला सुमारे २० हजार कोटी रुपये यात गमावतात, असा सरकारचा त्या वेळचा अंदाज होता. टीव्हीवरच्या मोठ्या अॅपांनी लगेच पैशाचे खेळ बंद केले. पण ज्याला तहान लागली आहे तो विहीर शोधतो. आता परदेशातल्या साइट, टेलिग्रामवरून येणाऱ्या लिंक आणि कुणाच्या तरी नावावरच्या भाड्याच्या बँक खात्यांतून चालणारा धंदा आहे. तिथे जिंकलेले मिळेल याचीही खात्री नाही. कायद्याने दुकान बंद झाले म्हणून आजार बरा झाला असे समजू नये.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आहे. त्यात बाबासाहेबांनी गृहस्थांसाठीचा विनय सांगताना राजगृहाजवळच्या वेळुवनातला सिगाल या तरुणाचा प्रसंग घेतला आहे. मूळ सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी त्या तरुणाला धन नासण्याच्या वाटा सांगितल्या, त्यात जुगार आहे, आणि जुगाराचे सहा तोटे वेगळे मोजून दिले आहेत. जिंकणाऱ्याचे वैर वाढते. हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो. डोळ्यांदेखत संपत्ती घटते. सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र आणि सहकारी त्याला तुच्छ मानतात. आणि त्याला कुणी मुलगी द्यायला तयार होत नाही, कारण हा बायकोला पोसणार नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आणि २०१३ ची डॉक्टरांची यादी शेजारी ठेवून पाहा. धन घटते, त्याच्या शब्दावर विश्वास उरत नाही, नाती तुटतात. दुसरा तोटा तर आमच्या या लेखाचा विषयच आहे. त्याच सुत्तात मिळकतीचे चार भागही सांगितले आहेत. एक भाग खाण्या-जगण्याला, दोन कामधंद्याला आणि चौथा अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवायचा. जुगार सगळ्यात आधी हा चौथा भाग खातो. बायकोने गटातून उचललेले कर्ज, डाळीच्या डब्यातले पैसे, मुलीच्या नावावरची ठेव, हे सगळे त्या चौथ्या भागातलेच.

तर ध्येय बदलायचे म्हणजे काय? 'गेलेले परत आणायचे' हे ध्येय पुसून त्या जागी दुसरे लिहायचे. पुसणे सोपे नाही. चाळीस हजार गेले हे मान्य करणे म्हणजे घरातले कुणी गेल्याचे मान्य करण्यासारखेच आहे, आणि त्याला काही दिवस वाईट वाटणार, झोप लागणार नाही, रडू येईल. ते येऊ द्यावे. जे मान्य करतात ते थांबतात. 'अजून हिशोब बाकी आहे' असे ज्याच्या मनात असते, तो आज ना उद्या परत जातो.

नवे ध्येय पैशाचे असेल तर ते देण्याचे असावे. समजा एकूण देणे ८४ हजार आहे. महिन्याला साडेतीन हजार दिले तर चोवीस महिन्यांत फिटते, व्याज असेल तर आणखी काही महिने. दोन वर्षे ऐकून तरुण मुलाला धाप लागते. अॅप एका रात्रीत देतो म्हणतो आणि आम्ही दोन वर्षे सांगतो. पण ही दोन वर्षे मोजता येतात, कॅलेंडरवर खूण करता येते, आणि त्यातला प्रत्येक महिना त्याच्या हातातला असतो, पानांच्या हातातला नसतो. आधी कोणते फेडायचे तेही ठरवावे. ज्याचे व्याज जास्त ते आधी, म्हणजे बहुधा दहा टक्क्यांचे सावकारी आणि कर्जाच्या अॅपांचे. गटाचा हप्ता चुकवू नये, कारण तिथे शेजारणींची पत अडकलेली असते. नातेवाइकांचे उशिरा दिले तर चालते, पण त्यांना तारीख सांगून ठेवावी.

एक चूक घरोघरी होते. मुलगा रडला, पाया पडला, की आई मंगळसूत्र गहाण ठेवून सगळे देणे एकदम फेडते. देणे फिटते आणि त्याच्या खांद्यावरचे ओझे क्षणात उतरते. मोकळ्या खांद्यांचा मुलगा दोन महिन्यांनी पुन्हा बसतो. म्हणून घराने जगण्याला मदत करावी, जेवणखाण, औषध, गाडीभाडे द्यावे, पण त्याचे देणे त्याच्या पगारातूनच फिटू द्यावे. हे सांगताना आम्हाला आईची अवस्था कळते. सावकाराचा माणूस दारात उभा राहिला की तत्त्व आठवत नाही.

त्या माणसाबद्दलही थोडे. जुगारात हरलेली रक्कम वसूल करायला न्यायालयात दावा चालत नाही, १८७२ च्या करार कायद्याने पैज हा करारच रद्दबातल आहे. परवाना नसताना सावकारी करणे हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधक कार्यालयात करता येते. कर्जाच्या अॅपवाल्यांनी फोटो बदलून बदनामीची धमकी दिली तर १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि धमकीचे संदेश पुसू नयेत. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

पगाराची व्यवस्था पहिले सहा महिने तरी दुसऱ्याच्या हाती असावी, बायकोच्या किंवा आईच्या. यूपीआयची रोजची मर्यादा बँकेतून कमी करून घ्यावी, क्रेडिट कार्ड बंद करावे, ज्या ग्रुपांवर लिंक येतात ते सोडावेत, रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावावा. एका खोलीच्या घरात दुसरी खोली कुठली, हे आम्हाला ठाऊक आहे. मग तो आईच्या उशाशी लावावा. रिकामी झालेली वेळ कशाने तरी भरली नाही तर ती पुन्हा पानांनीच भरते. शनिवार-रविवार रात्री आणि पगाराचा दिवस हे कठीण दिवस. त्या दिवशी व्हॉलीबॉल, विहारातले वाचन, जयंतीच्या मंडळाचे काम, ओव्हरटाइम, काहीही चालेल. मंडळाच्या वर्गणीचा हिशोब मात्र सध्या त्याच्याकडे देऊ नये.

उपचार आहेत आणि ते चालतात. जुगार का खेळावासा वाटतो, कोणत्या विचारानंतर हात फोनकडे जातो, तो विचार खरा आहे का, हे समुपदेशक आठवड्याला बसून उलगडतो. सोबत उदासी असेल तर डॉक्टर त्याची औषधे देतात. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, केस पेपर काढून दाखवता येते. जायची लाज वाटत असेल तर आधी टेलिमानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करावा. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात, नाव सांगावेच लागते असे नाही. फोन घरच्यांनी केला तरी चालतो.

देणे आणि लाज एकत्र आली की काही माणसांच्या मनात जीव देण्याचा विचार येतो. 'माझ्या मागे तुमचे बरे होईल' असे कुणी बोलला, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागला, अचानक सगळ्यांची माफी मागू लागला, तर त्याला सरळ विचारावे, मरायचा विचार मनात येतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या रात्री त्याला एकटे सोडू नये, फवारणीची औषधे घरातून हलवावीत आणि तिथूनच १४४१६ लावावा.

सहा महिने बंद ठेवलेला मुलगा एखाद्या रात्री पुन्हा खेळतो. हे बऱ्याच जणांच्या बाबतीत होते आणि घरच्यांना वाटते की सगळे पाण्यात गेले. तसे नसते. आधी रोज खेळणारा सहा महिन्यांत एकदा खेळला, तर दोन रकान्यांच्या त्या कागदावर ती रात्रही लिहावी, किती गेले ते लिहावे आणि पुढच्या महिन्याचा हप्ता ठरलेल्या तारखेलाच द्यावा. समुपदेशकाला मात्र त्याच आठवड्यात सांगावे. 'या वेळेचे तेवढे परत आले की' असे तो म्हणू लागला, तर महिनाअखेरीची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी न्यावे.